उशाकडची फळी

डाग पुन्हा वर आला होता. सकाळचा चहा हातात घेऊन ती गॅलरीत आली तेव्हा आधी तिला वाटलं, खिडकीच्या गजाची सावली असेल. म्हणून ती जरा बाजूला झाली, मग पडदा सारला, मग बाहुलीघरच स्टुलावर थोडं फिरवून पाहिलं. सावली असती तर हलली असती. हा जागचा हलला नाही. वरच्या मजल्यावरच्या डाव्या खोलीत, बाहेरच्या अंगाच्या भिंतीवर, फिकट पिवळ्या रंगाच्या दोन हातांखालून तो वर आला होता. वाटोळा, कडेला पुसट, मध्ये तपकिरी. बाकीच्या सगळ्या खोल्या खडखडीत वाळल्या होत्या. खालचं स्वयंपाकघर, जिन्याची आकाशी भिंत, वरची उजवी खोली, कुठेही बोट फिरवलं तरी रंग गुळगुळीत आणि गार लागत होता. इथे मात्र बोट टेकवलं तर चिकटलं, आणि उचलताना अगदी बारीक आवाज झाला, झोपेतल्या माणसाचे ओठ सुटतात तसा. तिने बोट गाऊनला पुसलं. चहावर साय धरली होती. ती काढून टाकावी की चहा तसाच पिऊन टाकावा याचा विचार करत ती उगाचच तिथे उभी राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण चहाचा नाही, डागाचा विचार करतोय. डाग कसला आहे याचा नव्हे. हा कुठे पाहिलाय, याचा.

घर मास्तरांनी केलं होतं. मास्तर म्हणजे तिचा नवरा. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाल्यावरही सगळी गल्ली त्याला मास्तरच म्हणायची, आणि घराबाहेर त्याच्याबद्दल बोलताना तीही. निवृत्तीनंतर काही दिवस तो घरभर नुसता फिरायचा. डबे उघडून बघायचा, झाकणं लावायचा, नळाची चकती बदलायचा आणि मग तो नळ आधीपेक्षा जास्त गळायचा. मग लेकीचा फोन आला की नातीला बाहुलीसाठी घर हवंय, दुकानातलं प्लॅस्टिकचं आणलं तर ती तोंड फिरवते. त्या दिवसापासून माणूस बदलला. गॅलरीत करवत चालू झाली. भुसा चपलांना लागून पार बिछान्यापर्यंत यायला लागला. 'सुतारकाम माझं, रंगकाम तुझं,' असं त्याने जाहीर करून टाकलं, आणि तिलाही ते आवडलं होतं. कित्येक वर्षांत दोघांनी मिळून एक काम असं केलं नव्हतं. घर झालंही देखणं. दोन मजले, मधून जिना, वर उतरतं छप्पर, आणि समोरची अख्खी भिंत बिजागरीवर दारासारखी उघडणारी, म्हणजे सगळ्या खोल्या एकदम दिसाव्यात. रविवारी लेक नातीला घेऊन न्यायला येणार होती. समोरची भिंत तेवढी बसवायची राहिली होती, आणि मास्तर सकाळीच तिच्या मापाच्या पितळी बिजागऱ्या शोधायला बाजारात गेला होता.

ती कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानात गेली. दुकानदार डब्यावर डबा ठेवून उतरंड रचत होता. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि न वळताच म्हणाला, 'लाकडात तेल असणार, वहिनी.'

'तेल कुठून येणार? नवं लाकूड आहे.'

'नवं लाकूड असं करत नाही. गाठ असली तर चीक सोडतं, पण ते पिवळट. तुम्ही म्हणताय तपकिरी. आणि वाळत नाही म्हणताय. म्हणजे तेलच. मुरलेलं.' आता तो वळला. 'एकावर एक कितीही हात मारा, ते वर येणारच. आधी टर्पेंटाइनने पुसून काढा. मग चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश लावून बंद करा, मग रंग. आणि जरा घरात विचारा, लाकूड कुठलं म्हणून. सुतार लोक काय, काहीही गळ्यात मारतात.'

'सुतार घरचाच आहे,' ती म्हणाली.

'मग तर विचाराच,' तो म्हणाला आणि हसला. तिलाही हसू आलं, पण टर्पेंटाइनची बाटली पिशवीत घालून रस्त्याला लागल्यावर ते हसू तोंडावर तसंच राहून गेल्यासारखं झालं, आणि तिला ते स्वतःहून मिटवावं लागलं.

गॅलरीत येऊन तिने जुन्या चादरीचा तुकडा टर्पेंटाइनमध्ये भिजवला आणि डागावर दाबला. पिवळा रंग सुटून आला, त्याखालचा पांढरा सुटून आला, आणि मग लाकूड दिसलं. तिने चोळलं. फडकं तपकिरी झालं. टर्पेंटाइनचा झणझणीत वास नाकात भरला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्या वासाच्या मागून, कुणी दार किलकिलं करून आत डोकवावं तसा दुसरा एक वास आला. जुना, गोडसर, खवट. केसांना लावायच्या तेलाचा, त्यात थोडं औषध, थोडा उशीच्या अभ्र्याचा ओलसरपणा. तिचा हात थांबला. डोक्याला काही कळायच्या आधी तिच्या गुडघ्यांना कळलं. ते उठायच्या बेतात आले, जसे ते वर्षानुवर्षं येत असत, आतल्या खोलीतून हाक आली की. तो वास म्हणजे सासूबाई होत्या. आणि तो वाटोळा डाग म्हणजे त्यांच्या पलंगाच्या उशाकडच्या फळीवरचा डाग, जिथे त्या बसल्या जागी डोकं टेकवत.

तो डाग तिला तोंडपाठ होता. कंबर मोडल्यापासून सासूबाई पलंगावरून उठल्या नाहीत. सकाळी त्यांना उशांच्या आधाराने बसवायचं, केसांना तेल लावायचं, वेणी घालायची, की त्या डोकं मागे टेकवत आणि दिवसभर तशाच. फळीवर तेल मुरत गेलं. ती दर आठवड्याला साबणाच्या पाण्याने तो डाग पुसायची आणि तो दर आठवड्याला तितकाच असायचा. त्याआधी ती टेलिफोन ऑफिसात होती. कानाला यंत्र लावून बसायचं, दिवा लागला की खटका ओढून म्हणायचं, 'बोला.' गावोगावचे आवाज कानात यायचे, तोंडं कधीच दिसायची नाहीत. तिला ते काम आवडायचं हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण असल्या कामात आवडण्यासारखं काय आहे असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. सासूबाई पडल्या तेव्हा घरात बोलणं असं झालंच नाही. मास्तर म्हणाला, 'बाई ठेवली तरी तिला पटणार नाही,' एवढंच. आणि तिने राजीनामा दिला. मग दिवसभर एकच लाइन. 'अगं ए.' 'आले.' 'एवढा वेळ?' पाणी दिलं तरी एवढा वेळ, उशी सारखी केली तरी एवढा वेळ, धावत गेली तरी. नावाने हाक त्यांनी मारली असेल तर लग्नाच्या दिवशी, नंतर नाही. मास्तर शाळेतून आला की खोलीच्या उंबऱ्याशी उभा राहायचा. आत यायचा नाही. आईला असं पाहवत नाही म्हणायचा. तिथूनच विचारायचा, 'काय म्हणतेय आई?' आणि आई पलंगावरून तिला म्हणायची, 'त्याला सांग, जेवून घे म्हणावं.' तीन पावलांवरच्या माणसाचा निरोप ती त्याला सांगायची. मग त्याचा निरोप आईला. ऑफिस सुटलं होतं, काम सुटलं नव्हतं, असं तिला तेव्हा कधीतरी गमतीने वाटलं होतं, आणि ती गंमत सांगायला कुणी नव्हतं.

ती उठली, हात धुतले, पुन्हा येऊन बसली. घाबरण्यासारखं काही नाही. लाकूड म्हणजे लाकूड. सासूबाई गेल्यावर पलंग सुटा करून माळ्यावर टाकला होता, आणि नंतर एकदा तिने विचारलं तेव्हा मास्तर म्हणाला होता, 'दिला एकाला.' तो एक म्हणजे मास्तर स्वतःच, हे आता कळलं. फळ्या सुताराच्या मशीनवर कापून, रंधा मारून, कोऱ्या करून आणल्या असणार, पण तेल रंध्याच्या खाली गेलेलं होतं. बरं, मग काय? वस्तू वाया गेली नाही. तिने मनाशी अशी सरळ वाक्यं जुळवली आणि कामाला लागली. आतली बाजू वाळू द्यावी, तोवर त्याच भिंतीची बाहेरची बाजू घासून घ्यावी, म्हणून तिने पॉलिश पेपरचा तुकडा ठोकळ्याला गुंडाळला आणि घर फिरवून बाहेरून घासायला लागली. खर्र. खर्र. एक लय लागली. गॅलरीत ऊन आलं होतं, खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती. खर्र. खर्र. घासता घासता तिचा श्वास फळीवर आपटून परत तोंडावर येत होता. आणि अचानक अंगावर काटा आला, आधी दंडांवर, मग मानेवर, आणि कारण त्यानंतर आठवलं.

'मागे कुणीतरी घासतंय गं.'

शेवटच्या दिवसांत सासूबाई असं म्हणायच्या. डोकं फळीला टेकवून, डोळे छताकडे लावून. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होतं. ती जाऊन बघून यायची, कोणी नसायचं. 'उंदीर असेल,' ती म्हणायची. 'उंदीर नाही. माणूस आहे. खरखर करतंय, थांबतंय, परत करतंय. श्वास लागलाय त्याला.' एकदा तिने पलंग भिंतीपासून ओढून, मधल्या फटीत हात घालून दाखवला. 'बघा, इथे माणूस मावेल का?' सासूबाईंनी मान वळवायचा प्रयत्न केला, वळेना, तेव्हा त्या तिच्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत राग नव्हता म्हणून ती तिच्या लक्षात राहिली होती. 'भिंतीच्या मागे नाही म्हणत मी,' त्या म्हणाल्या होत्या, 'फळीच्या मागे.' तेव्हा तिला ते म्हातारपणाचं बरळणं वाटलं होतं. डॉक्टरही तेच म्हणाले. आता तिने हातातल्या ठोकळ्याकडे पाहिलं. फळीच्या या अंगाला ती होती, अलीकडे तिचा श्वास होता, आणि पलीकडे, एक बोटभर जाडीच्या पलीकडे, डोकं टेकवण्याची जागा. तिने ठोकळा अगदी हळू खाली ठेवला. आवाज होऊ नये म्हणून. कुणाला त्रास होऊ नये म्हणून. आणि आपण असं का केलं, हे कळून तिला इतकी भीती वाटली की ती गॅलरीतून उठून सरळ रस्त्याकडच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली, आणि त्या स्कूटरवाल्याच्या खटपटीकडे, ती बंद पडलेली स्कूटर म्हणजे जगातली सगळ्यात भरवशाची वस्तू असल्यासारखी, बघत राहिली.

मास्तर आला तो खुशीत होता. बिजागऱ्या मिळाल्या होत्या, तळहातावर मांडून दाखवत होता. तिने त्या पाहिल्या, छान आहेत म्हणाली आणि विचारलं, 'लाकूड कुठलं वापरलंत?'

त्याने बिजागऱ्या खिशात टाकल्या. 'का?'

'डाग वर येतोय. आईंच्या डोक्याचा.'

तो खुर्चीवर बसला. बराच वेळ चपला काढत राहिला, एक काढून झाली तरी दुसरीला हात लावेना. 'चांगलं लाकूड होतं,' तो शेवटी म्हणाला. 'फेकवेना. कुणाला द्यावंसंही वाटेना. कुणाच्या घरी कोण झोपणार त्याच्यावर, कसं ठेवणार.'

'मला सांगायचं होतं.'

'सांगितलं असतं तर रंगवलं असतंस?'

खरं म्हणजे तिने रंगवलं असतं, अधिक मन लावून रंगवलं असतं. आणि त्याने हे इतक्या वर्षांत ओळखू नये, याचं तिला वाईट वाटलं. 'त्या सारख्या म्हणायच्या, मागे कुणीतरी घासतंय,' ती म्हणाली. 'आठवतं?'

'मला कुठून आठवणार?' मास्तर म्हणाला. 'मी आत होतो कुठे?' हे त्याने इतक्या सहज म्हटलं की आधी दोघांनाही ते ऐकूच आलं नाही. मग आलं. तो दुसरी चप्पल काढून, दोन्ही जोडीने नीट लावून, हात धुवायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चपड्याचं पॉलिश आणायला पुन्हा दुकानात गेली. दुकानदाराने विचारलं, 'मग? घरच्या सुताराने काय सांगितलं?' 'तेलच होतं,' ती म्हणाली. 'बघा,' तो म्हणाला, आणि एवढ्यावर समाधान पावून त्याने बाटली कागदात गुंडाळून दिली. वाटेत लेकीचा फोन आला, नात मागून ओरडत होती, बाहुलीची सगळी गाठोडी बांधून झालीत म्हणून. 'आई, रंग झालाय ना? हिला झोप नाहीये,' लेक म्हणाली. 'झालाय,' ती म्हणाली. 'एक भिंत तेवढी राहिलीय.' मनाशी तिने ठरवलं होतं, पॉलिश लावून डाग कायमचा बंद करायचा, वर पिवळ्याचे दोन चांगले हात द्यायचे, आणि घर रविवारी देऊन टाकायचं. कोणाला काही सांगायची गरज नाही.

किल्लीने दार उघडून ती आत आली तेव्हा गॅलरीतून बोलणं ऐकू आलं. मास्तरचा आवाज. कुणीतरी आलंय असं समजून तिने पिशवी ठेवली, केस सारखे केले आणि गॅलरीच्या दाराशी गेली. कुणी आलं नव्हतं. मास्तर जमिनीवर गुडघे टेकून बसला होता. समोरची भिंत अजून बसवलेली नसल्यामुळे घर मोकळं होतं, आणि त्याने वरच्या डाव्या खोलीत जेवढं जाईल तेवढं डोकं घातलं होतं. तिला त्याची पाठ दिसत होती, मानेवर चिकटलेला भुसा दिसत होता. बाजूला ब्लेड पडलं होतं आणि पिवळ्या रंगाचे कपचे. त्याने ती भिंत खरवडून पार लाकडापर्यंत आणली होती. तो हळू आवाजात बोलत होता. 'हो,' तो म्हणाला. मग थांबला. 'नाही गं, तसं नाही.' मग थांबला. 'यायला पाहिजे होतं. माहीत आहे मला.' ती दाराशीच उभी राहिली. आत जाववेना. कानाला यंत्र लावून ज्याने वर्षं काढली आहेत त्याला दोन प्रकारच्या शांततेतला फरक कुणी शिकवावा लागत नाही. तुटलेल्या लाइनवर माणूस बोलत राहतो तेव्हा तो जिथे मनाला येईल तिथे थांबतो. पलीकडे कुणी असेल तर त्याला थांबवलं जातं. मास्तर वाक्याच्या मध्येच थांबत होता. 'अगं पण मी...' म्हणायचा आणि गप्प व्हायचा, मान खाली घालायचा, मग म्हणायचा, 'बरोबर आहे.' तिने कान देऊन ऐकलं. दुसरा आवाज नव्हता. फक्त त्याच्यासाठी सोडलेली जागा होती, लहानमोठी, बोलण्याच्या मापाची.

ती आत गेली आणि त्याच्या शेजारी बसली. तो दचकला नाही. डोकं बाहेर काढून त्याने तिच्याकडे पाहिलं. डोळे लाल होते, कपाळावर रंगाचा पिवळा चुरा होता.

'रंगवू नकोस ही,' तो म्हणाला.

'नाही रंगवत,' ती म्हणाली. आपण असं म्हणू असं तिला वाटलं नव्हतं. 'नुसतं पॉलिश लावते. लाकूड दिसेल, डागही दिसेल. वास बंद होईल फक्त.'

'पोरगी विचारेल, इथे रंग का नाही.'

'सांगू की, तुझ्या पणजीची खोली आहे. तिला अशीच आवडते.' ती थोडी थांबली. 'पण घर रविवारी जाणार. इथे ठेवायचं नाही.'

त्याने खोलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मान हलवली. मग उठायचं सोडून तो तिथेच बसून राहिला. तिने समोरची भिंत मांडीवर घेतली, त्यातलं पुढचं दार, हाताच्या दोन बोटांएवढं, अजून रंगवायचं होतं. हिरव्या रंगाची डबी उघडली, बारीक ब्रश बुडवला, कडेला निथळवला. ऊन उतरलं होतं, गॅलरीत तिरपी तांबूस पट्टी पडली होती. मास्तरने पुन्हा डोकं आत घातलं. ती दाराची चौकट सांभाळून रंगवत होती, जीभ दातांत धरून, हिरवं पांढऱ्यावर जाऊ नये म्हणून. तेवढ्यात मास्तरने मान बाहेर काढली.

'तुला बोलावतेय,' तो म्हणाला.

त्याने नाव घेतलं. तिचं नाव, जे तो स्वतः कधी घ्यायचा नाही, अगं म्हणायचा. 'असंच म्हणाली,' तो म्हणाला. 'नाव घेऊन.'

तिचे गुडघे उठायला लागले. खरंच लागले, मांडीवरची भिंत कलली, डबीतला हिरवा रंग एका बाजूला झाला. ओठांवर शब्द आला होता, तोच, 'आले'. तिने डाव्या हाताने जमीन धरली. उजव्या हातातला ब्रश दारावर टेकलेला होता, आणि तो उचलला तर तिथे ठिपका राहील हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिने तो उचलला नाही. सावकाश, एका दमात, वरपासून खालपर्यंत ओढत आणला.

'त्यांना सांगा,' ती म्हणाली, 'मी कामात आहे.'

मास्तर पुन्हा वाकला, घराच्या आत. 'आई, ती कामात आहे गं,' असं त्याने सांगितलेलं तिला ऐकू आलं. मग तो थांबला. खाली रस्त्यावरचे सगळे आवाज होते, पण ते फार लांब होते. ती ब्रश धरून ऐकत होती. लाइन चालू होती. एवढा वेळ पलीकडे कुणी कधी घेतला नव्हता.

मास्तरने डोकं बाहेर काढलं, गुडघे धरून उठला आणि दिव्याचं बटण दाबायला जाता जाता म्हणाला, 'बरं म्हणाली.'